ग्रामीण विकासात पीएचडी करायची का? धुळ्याहून सहा वर्षांचा रिव्ह्यू

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते त्या कॉलेजातल्या एमएच्या दोन मुली गेल्या आठवड्यात मागे लागल्या, मॅडम आम्ही पण पीएचडीला टाकू का, ग्रामीण विकासच घेऊ का, की सरळ स्पर्धा परीक्षा करू. स्टाफरूमच्या बाहेर उभं राहून दहा मिनिटांत जे सांगितलं ते मला घरी आल्यावर अर्धवट वाटलं, म्हणून सगळं नीट लिहून राहिले. मिक्सर घ्यायचा तर आपण वीस जणांचे रिव्ह्यू वाचतो, हे तर सहा वर्षांचं काम आहे.

माझं रजिस्ट्रेशन जानेवारी २०१९ चं, थिसिस जमा केला डिसेंबर २०२४ ला, व्हायव्हा झाला २०२५ च्या उन्हाळ्यात. विषय पांझरा नदीवरची फड पद्धती, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी रीत. विद्यापीठाचं नाव लिहत नाहीये, कारण तक्रारी पण आहेत आणि त्या कुणा एकाच्या डोक्यावर टाकायच्या नाहीत. स्टार द्यायचे तर पदवी म्हणून पाचपैकी तीन, ऑफिसच्या कामाला दीड, आणि फील्डला पाचपैकी पाच. पण ते पाच विद्यापीठाच्या खात्यावर धरू नका, ते गावाचे आहेत.

आधी ॲडमिशनचं. माझ्या वेळी पेट होती, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पेपर आणि मग इंटरव्ह्यू. आता २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या स्कोअरवर पण पीएचडीला घेतात, निकालात तीन गट असतात, जेआरएफवाले म्हणजे संशोधनासाठी फेलोशिप मिळणारे, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी दोन्हीला पात्र असलेले, आणि फक्त पीएचडीला पात्र असलेले. खालच्या दोन गटांना नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन असतं आणि तो स्कोअर एकच वर्ष चालतो, हे नीट लक्षात ठेवा, वर्ष गेलं की परत परीक्षा. जेआरएफ मिळाली तर सोनंच, जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार झालेत, आणि पुढे सीनियर झालात की ४२. नाही मिळाली तर सारथी, महाज्योती, बार्टी या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप असतात, आपण ज्यात बसतो तिची जाहिरात स्वतः बघत राहायची, कोणी घरी येऊन सांगत नाही. मी सीएचबी सोडली नाही म्हणून मला यातलं काही मिळालं नाही, सगळा खर्च आमच्या दोघांच्या पगारातून.

गाइडबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथेच सगळं ठरतं. नियमाने प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार विद्यार्थी, म्हणून जागा मिळाली की पोरं कुठलाही विषय कबूल करतात. मी पण करणार होते. मला सुरुवातीला सांगितलं होतं की महिला बचत गट घे, एक तालुका घे, चारशे फॉर्म भर, दोन वर्षांत मोकळी होशील. बचत गटांचं काम महत्त्वाचंच आहे, माझी आई स्वतः गटात आहे, पण शोधगंगा या थिसिसच्या वेबसाइटवर जाऊन बघा, त्याच विषयावर जिल्ह्याचं नाव बदलून किती थिसिस पडलेत. प्रश्नावली तीच, निष्कर्ष तोच, महिलांचं सक्षमीकरण झाल्याचे दिसून येते. मला ते करायचं नव्हतं. माझं नशीब असं की गाइड मॅडमनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तुला कशाबद्दल खरंच काही माहीत नाही आणि माहीत करून घ्यावंसं वाटतं? मी म्हटलं, माझे आजोबा, आईचे वडील, पाटकरी होते, आणि पाटकरी म्हणजे नक्की काय करतो ते मला माहीत नाही. विषय तिथेच ठरला.

ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आपल्याच भागातल्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगते. पांझरा साक्री तालुक्याच्या डोंगरातून येते, धुळ्यातून जाते, पुढे तापीला मिळते. हिच्यावर जुन्या लोकांनी दगडाचे बंधारे बांधले, तीनशे वर्षं तरी झाली असतील. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग म्हणजे शेतापर्यंतचे बारीक पाट, आणि जेवढी जमीन भिजते तिला थळ म्हणतात. थळाचे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू. आणि खरी गंमत पुढे आहे, बहुतेक कुटुंबांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असते. त्यामुळे ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एखादा फड कोरडा सोडायचा ठरलं, तरी कोणा एकाचं पोट मारलं जात नाही, सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. पाणी द्यायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या, आणि यांचा मोबदला पिकातूनच. शेतकऱ्याने स्वतः दारं मोडायचं नाही, पाणी पाटकरीच देणार.

याच खोऱ्यात इंजिनिअर विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला आले होते, पांझरेवर सायफनचं काम त्यांनी केलं. इथे पाण्याचं शहाणपण किती जुनं आहे ते मला थिसिस करेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी इथेच जन्मलेली.

कोर्सवर्क. नवीन नियमात १२ ते १६ क्रेडिटचं असतं. संशोधन पद्धती, आकडेवारी, कॉम्प्युटर, आणि संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा दोन क्रेडिटचा पेपर. तो नैतिकतेचा पेपर मनापासून चांगला वाटला, पैसे घेऊन छापणारी जर्नल कशी ओळखायची ते तिथे कळलं. माझ्या बॅचच्या एकाने तोपर्यंत एका जर्नलला पैसे भरूनही टाकले होते. माझ्या वेळच्या नियमात थिसिसआधी एक पेपर छापलेला लागायचा, २०२२ च्या नियमातून ती सक्ती गेली, तरी चांगल्या ठिकाणी एक तरी छापा, लिहायची सवय लागते. आकडेवारी पण शिकवली बरी. पण अख्ख्या कोर्सवर्कमध्ये एक तास सुद्धा असा नव्हता की गावात गेल्यावर कुठे बसायचं, पहिल्यांदा कोणाला भेटायचं, लोक गप्प बसले तर काय करायचं, वही कधी काढायची आणि कधी पिशवीतच ठेवायची. विषयाचं नाव ग्रामीण विकास आणि बारीपाड्याला एक सहल सुद्धा नाही. बारीपाडा साक्री तालुक्यातच आहे, आपल्या उंबरठ्यावर, चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखून दाखवलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. एक दिवस तिथे नेऊन लोकांशी बोलायला बसवलं असतं तर मला चार महिन्यांच्या लेक्चरपेक्षा जास्त मिळालं असतं असं मला आजही वाटतं.

मग फील्ड. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद, कोणी परक्याला ओट्यावर बसू देत नव्हतं आणि बरोबरच होतं ते. नंतर माझी डिलिव्हरी, त्याची रजा मिळते, २४० दिवस, नियमात आहे, अर्ज करून घ्याच. बायकांना मुदतीत दोन वर्षं जास्तीची पण मिळतात. तर खरं फील्ड सुरू झालं २०२२ च्या दिवाळीनंतर. तीन गावं, मुलगी सासूबाईंकडे ठेवून सकाळच्या एसटीने जायचं आणि संध्याकाळी परत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा खरंच बरं वाटलं, कारण मी तिकिटं वहीत चिकटवून ठेवायचे.

माझी पहिली प्रश्नावली ८४ प्रश्नांची होती. शुद्ध पुस्तकी मराठीत. "आपल्या मते पारंपरिक सिंचन व्यवस्थापनातील लोकसहभागाची सद्यस्थिती कशी आहे" असा प्रश्न मी पंच्याहत्तरीच्या एका आबांना वाचून दाखवला. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बरं शे, म्हणजे बरं आहे. पुढचा प्रश्न, बरं शे. त्याच्या पुढचा, तेही बरं शे. असे दोन दिवसांत अकरा फॉर्म भरले आणि सगळ्यांत सगळं बरंच होतं. तिसऱ्या दिवशी मी प्रश्नावली पिशवीत ठेवली. एका म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, तू कोनी पोर शे व माय? मी आजोबांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि अहिराणीतच सांगितलं. माझी अहिराणी घरात बोलायची, कॉलेजात नाही, इतकी वर्षं मी ती बाहेर वापरलीच नव्हती. त्या दिवसापासून कामाचा रंगच बदलला. आबांनी स्वतः काठी घेऊन मला पाटाच्या कडेकडेने अडीच किलोमीटर नेलं, कुठली चारी कुठे फुटते, १९७२ च्या दुष्काळात कोणता फड सोडला होता, मोटारी आल्यावर कोणी पहिली विहीर खोदली, सगळं. माझ्या ८४ प्रश्नांपैकी साठेक प्रश्न मी नंतर काढूनच टाकले.

आबांचं एक वाक्य थिसिसच्या चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला टाकलंय, जसंच्या तसं: पानी कमी पडनं ते बठ्ठासले कमी, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक गोष्टी लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल. त्यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पाटांबद्दल लिहिलंय. तिथे पाण्याची भांडणं मिटवणारं शेतकऱ्यांचं कोर्ट दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी भरतं, अजूनही. ते वाचलं तेव्हा मला लगेच आमचे हवालदार आणि पाटकरी दिसले. ऑस्ट्रॉम बाईंचं पुस्तक आणि आबांचं वाक्य एका पानावर आणता आलं, माझ्यासाठी पीएचडीची किंमत त्या पानावर वसूल झाली.

आणि बायका. याबद्दल लिहायलाच पाहिजे. फडाच्या कारभारात बाईचं नाव कुठे नाही, पाटकरी पुरुष, हवालदार पुरुष, बैठकीला पुरुष. मी पण सुरुवातीला पारावरच बसायचे. मग पाऊस आला म्हणून एका घरात शिरले, तिथे ताई कळण्याच्या भाकरी थापत होत्या, बोलता बोलता त्यांनी सांगितलं की पाण्याची पाळी रात्रीची आली की त्या डबा बांधून द्यायच्या, त्यामुळे कोणत्या महिन्यात किती पाळ्या आल्या ते त्यांना पुरुषांपेक्षा जास्त पक्कं आठवत होतं. ज्या वर्षी थोरला झाला त्या वर्षी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, पाट चालला, धाकटीच्या वेळी होळीलाच आटला, असं. माझ्याकडे पुरुषांनी सांगितलेली वर्षं होती ती एकमेकांशी जुळत नव्हती, बायकांनी पोरांच्या जन्मावरून सांगितलेली जुळली. मग मी चार महिने फक्त चुलीजवळ बसले. एखादा पुरुष संशोधक असता तर त्याला ही माहिती मिळणं अवघड होतं, म्हणून मुलींनो, या विषयात तुम्ही या, तुमची गरज आहे.

फड का मोडला याचं उत्तर एका ओळीचं नाहीये. वर धरणं झाली, नदीचं पाणी अडलं, विहिरी आणि मोटारी आल्या मग ज्याच्याकडे विहीर त्याला पाटाची वाट बघायचं कारण उरलं नाही, पुरात बंधारे फुटले ते नीट झाले नाहीत, पोरं सुरतेला आणि नाशिकला गेली, पाटकरी व्हायला कोणी उरलं नाही. गावकरी या सगळ्याचा क्रम आपापल्या परीने लावतात आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो. मी तो प्रत्येकाचा क्रम लिहिला. एका परीक्षकांनी त्यावरच विचारलं की मुख्य कारण कोणतं, एक सांगा. मी सांगितलं की गावात तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि ती कोणाची जमीन थळाच्या वरच्या अंगाला आहे आणि कोणाची शेपटाला त्यावर ठरतात. सर हसले, पुढचा प्रश्न विचारला.

आता ऑफिस, आणि इथे दीड स्टार का ते. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा, कमिटीपुढे बसायचं, हे चांगलंच आहे, त्याने माणूस कामाला लागतो. पण माझा एक अहवाल सही होऊन कुठल्यातरी टेबलावर हरवला, आणि तो परत द्या म्हणून मला पत्र आलं ते सात महिन्यांनी, रजिस्ट्रेशन रद्द होऊ शकतं अशा भाषेत. मी तान्ही मुलगी घेऊन गेले होते. माझ्याकडे पोच होती म्हणून वाचले. तर पोच घ्या, प्रत्येक कागदाची, शिक्का आणि तारीख मारून, आणि फोटो काढून ठेवा. थिसिस जमा केल्यावर परीक्षकांकडून रिपोर्ट यायला लागलेल्या महिन्यांत मी काय केलं असेल ते विचारू नका. हे लोक वाईट नाहीत, टेबलावर एक माणूस आणि फायली हजार, पण विद्यार्थ्याचं वर्ष जातं ते जातंच.

लायब्ररीचं मात्र कौतुक करायचंय. शोधगंगा फुकट आहे, घरी बसून देशभरातले थिसिस वाचता येतात, विषय ठरवायच्या आधी पंधरा दिवस त्यातच घालवा. १८८० चा खानदेशचा गॅझेटियर वाचा, इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेला आहे हे डोक्यात ठेवून वाचा, पण नद्या, बंधारे, पिकं, सगळं तपशिलात आहे. आणि धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला धुळ्यातच वारले, त्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, पायी, स्वतःच्या खर्चाने. तिथल्या जुन्या कागदांसमोर बसलं की आपली एसटीची दगदग फार मोठी वाटत नाही.

टायपिंगबद्दल एक सूचना, कारण यात माझे दीड महिने गेले. मराठीत थिसिस लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. मी तीन प्रकरणं बाहेर टाइप करायला दिली, त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये केली, प्रिंट सुंदर आली, पण साहित्यचोरी तपासायचं सॉफ्टवेअर ते वाचूच शकेना. मग कन्व्हर्ट केलं तर जोडाक्षरं सगळी फुटली, रफार भलतीकडे, आणि अहिराणी वाक्यं तर ओळखू येईनात. शेवटी मीच मोबाईलवर आणि लॅपटॉपवर परत टाइप केलं. नियमाने दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, माझं त्यात बसलं.

खर्च म्हणाल तर विद्यापीठाची फी हा त्यातला छोटा भाग. प्रवास, झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग, आणि सगळ्यात मोठा म्हणजे मुलीचा वेळ. माझ्या घरच्यांनी साथ दिली, सासूबाईंनी तर फील्डच्या दिवशी सकाळी सहाला डबा हातात दिलाय. ज्यांच्या घरी ही साथ नाही त्यांनी आधी घरी बसून बोलून घ्या, नंतर अर्ज करा.

नोकरी लागेल का हे त्या मुलींनी दोनदा विचारलं. खरं सांगते, मी अजून सीएचबीवरच आहे. नुसत्या नोकरीसाठी करत असाल तर मी सांगणार नाही. तुळजापूरला टिसचं, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, कॅम्पस आहे, पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे, आणंदला ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी इरमा आहे, हैदराबादला ग्रामीण विकासाची राष्ट्रीय संस्था आहे, जमत असेल तर तिकडे पण अर्ज टाका, तिथे सोबत आणि शिस्त दोन्ही मिळते. परदेशात पण हा विषय मोठा आहे, इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर विद्यापीठात फक्त ग्रामीण भागाच्या संशोधनासाठी वेगळी संस्था आहे, कॅनडात गेल्फला याच विषयात पीएचडी होते. पण गाव खानदेशातलं घ्या. आपल्या तीन जिल्ह्यांत केळीवर, कापसावर, सातपुड्यातल्या वनहक्कांवर, सुरतेला जाणाऱ्या मजुरांवर, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेवर किती काम बाकी आहे, आणि अहिराणी कळणारा माणूसच ते नीट करू शकतो.

व्हायव्हा झाल्यावर आठ दिवसांनी मी बाइंडिंग केलेली एक प्रत घेऊन पहिल्या गावाला गेले. आबा आता फार चालत नाहीत, ओट्यावरच असतात. मी नकाशाचं पान उघडलं, बोट ठेवून अहिराणीत सगळं समजावलं. आबांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि बोट एका रेषेवर ठेवून म्हणाले, हाई चारी आठे नई, तठे शे, म्हणजे ही चारी इथे नाही, तिथे आहे. नातवाला पाठवून खात्री केली, आबांचंच बरोबर होतं, जुन्या चिंचेच्या अलीकडून जाते ती, मी पलीकडून दाखवलीये. थिसिस तर शोधगंगेवर गेलाय, तिथे आता काही होणार नाही. गावासाठी चाळीस पानांची अहिराणीतली पुस्तिका करून राहिले, तिच्यात ती चारी चिंचेच्या अलीकडे काढलीये, आणि छापायच्या आधी नकाशा परत आबांना दाखवणार आहे.